छापलाय तोच सूर

पाँतहेलिग
४ मार्च, मंगळवार

नेस्ता,

खुशाली विचारायला लिहीत नाही. तू लँडिडनोला गॅरेथकडे पोचलीस, समुद्राकडची खोली मिळाली आणि सुनेच्या हातचं सूप पातळ असतं, हे सगळं मला डिलिसकडून कळलं. सख्ख्या बहिणीला एक फोन नाही आणि डिलिसला दोन. असू दे.

मी लिहितेय ते तू आपल्या गाणाऱ्या मंडळीच्या कमिटीला धाडलेल्या पत्राबद्दल. डिलिस सेक्रेटरी आहे, पण तिच्या पोटात काही राहत नाही, त्यामुळे तुझं पत्र आता निम्म्या गावाला पाठ आहे. ‘शिकाऊ मुलीने मुद्दाम सूर चढा दिला. वयस्कर माणसांची चारचौघांत टिंगल व्हावी हाच तिचा हेतू होता. अशा मुलीच्या हातात आमची मंडळी देऊ नये.’ नेस्ता, हे लिहिताना तुझा हात जरासुद्धा अडखळला नाही?

लोवरी आपल्यात आली तेव्हा नऊ वर्षांची होती. आजीच्या कोटाला धरून चॅपलच्या मागच्या खोलीत शिरली आणि तालमीचे पहिले तीन गुरुवार तिने तोंड उघडलं नाही. तिला डो-रे-मीचा तक्ता कुणी शिकवला? तू. लाकडी काठीने एकेक अक्षर दाखवत, चुकलं की काठी तक्त्यावर आपटत. तीच पोर अठराची होते, मंडळीचं गाणं बसवणारा एम्लिन तिला आणि इफानला शिकाऊ म्हणून घेतो, जिल्ह्याच्या कागदांवर सह्या होतात, तेव्हा ‘आपल्या मंडळीची पोरं आता मंडळी चालवणार’ म्हणून डोळे पुसणारी पण तूच होतीस. आणि आता ती टिंगल करणारी झाली?

काय घडलं ते तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण तुझ्या पत्रात भलतंच आहे. एम्लिन खुब्याच्या ऑपरेशनला गेलेला. एक मार्चचा सणाचा कार्यक्रम लोवरीने उभा केला. दुपारी तीनला हॉल भरलेला होता. बिनवाद्याचं मेंढपाळाचं गाणं, त्यात शेवटचं कडवं तुझं एकटीचं, तेहेतीस वर्षं तुझंच. लोवरीने कागदावर छापलेला डो, सुरुवातीचा सूर, दिला. शेवटच्या कडव्यात तुझा आवाज वर गेला आणि वरच्या सुरावर फाटला. कुणीही हसलं नाही. मी बघत होते, एकसुद्धा माणूस हसला नाही. तू कोटावरचं सणाचं फूल, डॅफोडिल, काढून पियानोवर ठेवलंस आणि निघून गेलीस, आणि उरलेलं कडवं त्या मुलीने रडत रडत हात हलवून मंडळीकडून पुरं करून घेतलं.

तिने छापलेला सूर दिला. एवढाच तिचा गुन्हा. मी तेव्हा मागे चहाच्या बंबाजवळ होते, म्हणून मला तिथून फार काही करता आलं नाही.

वीस तारखेला कमिटी बसणार आहे. कमिटीने नको म्हटलं तर या महिन्याअखेर तिची उमेदवारी संपली. दुसरं वर्ष नाही, दाखला नाही, शाळेतला आणि वृद्धाश्रमातला गाण्याचा तास नाही. परत बेकरीत पावाचे ट्रे उचलायचे. पत्र मागे घे.

ओल्वेन


११ मार्च, मंगळवार

नेस्ता,

तुझं उत्तर मिळालं. अडीच ओळी. ‘मी या गाण्यात तेहेतीस वर्षांत एकदाही चुकले नाही. त्यामुळे चूक कुणाची ते उघड आहे. आणि तू बंबाजवळ काय करत होतीस? चहा मध्यंतरात असतो.’

वा! मुलीचं आयुष्य टांगणीला लागलंय आणि तुला चहाची वेळ सुचते. बंबाजवळ म्हणजे मी बंब बघून आले होते. सूर दिला तेव्हा दाराशी होते. झालं समाधान?

आता गेल्या गुरुवारचं ऐक, म्हणजे तुझ्या पत्राने काय करून ठेवलंय ते कळेल. इफानने नेहमीसारखी सुरुवात केली, खांदे हलवा, जबडा सैल सोडा, घोड्यासारखे ओठ फुरफुरवा. तुला ते कधीच आवडलं नाही. ‘मी घोडा नाही’ म्हणून तू खिडकीबाहेर बघायचीस. पण बाकीचे करायचे. या गुरुवारी तुझ्या रांगेतल्या सहाच्या सहा बायका हाताची घडी घालून बसल्या. मग लोवरी पुढे आली. चेहरा मेणासारखा. म्हणाली, “कुठला डो देऊ?”

नेस्ता, आपल्यात हे कुणी कधी विचारलंय? डो देणाऱ्याने द्यायचा, बाकीच्यांनी घ्यायचा. एम्लिन मान हलवतो, मी पियानोवर एक पट्टी दाबते, गाणं सुरू. पन्नास वर्षांत कुणी ‘कुठला’ म्हणून विचारलं नाही. ती पोर उभी राहून विचारत होती आणि बायका एकमेकींकडे बघत होत्या. शेवटी डिलिस म्हणाली, “तुला काय, तू देशील तो आम्ही घ्यायचा. मागच्या वेळी घेतलाच की.”

इफान भडकला. त्याला तू ओळखतेस, तोंड आवरत नाही. “डिलिस, तुमच्या आवाजाला गंज चढला तर तो काय लोवरीने चढवला?” झालं. दोन बायका कोट घालून बाहेर. लोवरीने त्यालाच झापलं, “गप्प बस, मी चुकलेय.”

मी चुकलेय म्हणाली! काय चुकली ती? एम्लिनने दिलेली बारा सुरांची गोल शिट्टी तिच्या खिशात असते. कागदावर डो काळी चारचा छापलाय, तिने शिट्टीवर काळी चार फुंकली. याहून बरोबर काय असतं? तुमच्या वयाच्या बायकांना तिथपर्यंत जाता येत नसेल तर दोष छापणाऱ्याला द्या.

हो, आपल्या वयाच्या. कळतंय मला.

आणि मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं काही असतं तर दाखवलं असतं तुला. पण तालीम असो की कार्यक्रम, दारातल्या बिस्किटांच्या डब्यात मोबाइल टाकल्याशिवाय आत यायचं नाही, हा एम्लिनचा नियम. तो नियम मला नेहमी आवडायचा. त्याचं कारण मी कुणाला सांगितलं नाही.

पत्र मागे घे, नेस्ता. नऊ दिवस राहिलेत.

ओल्वेन


१६ मार्च, रविवार

नेस्ता,

तू उत्तर दिलं नाहीस. डिलिसला मात्र सांगितलंस की ‘ओल्वेनला त्या मुलीचा एवढा पुळका का, ते तिलाच विचारा.’ डिलिसने भर दुकानात, चीजच्या काउंटरसमोर विचारलं. मी म्हटलं, अन्याय दिसला की मला राहवत नाही. म्हणताना माझे कान तापले होते.

काल एम्लिनला बघायला गेले. खुबा बरा आहे, जिभेला तर ऑपरेशनने धार आली आहे. नर्सला डो-रे-मी शिकवतोय. मला बघितल्याबरोबर त्याने पहिलं काय विचारलं असेल?

“मुलीला सांगितलंस ना?”

मी म्हटलं, “काय?”

“ओल्वेन! ॲम्ब्युलन्समध्ये चढताना तुला म्हटलं होतं. पट्टीचं सांगून ठेव.”

मी द्राक्षांची पिशवी त्याच्या टेबलावर ठेवली आणि बसची वेळ झाली म्हणून निघाले. बस पाऊण तासाने होती. मी थांब्यावर बसून एम्लिनवर चरफडले. सहा महिने ती दोघं पोरं याच्या हाताखाली शिकताहेत. याने स्वतः का नाही सांगितलं? गोड गोड निरोप द्यायचे आणि कडू काम दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं, ही याची जुनी खोड.

तुला हे कळणार नाही. कळू नये अशीच माझी इच्छा होती.

थांब्यावर लोवरीची आजी भेटली. ती म्हणाली, लोवरीने बुधवारी कान तपासून घेतले. कान, नेस्ता! अठरा वर्षांची मुलगी, एकटी दोन बस बदलून कानाच्या डॉक्टरकडे गेली, कारण सगळे म्हणतात सूर चढा होता आणि तिला तो बरोबर वाटला होता. म्हणजे आपल्याच कानात बिघाड असणार, असा तिने हिशेब केला. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. तर ही घरी येऊन आजीला म्हणते, “मग बिघाड कुठे आहे?”

मला तिथेच उठून तिच्या घरी जायला हवं होतं. मी बसमध्ये चढले.

बंबाजवळ मी नव्हते. दाराशीही नव्हते. पियानोवरच बसले होते, नेहमीच्या जागी. तुला काय ते समज.

गुरुवारी कमिटी आहे. तू आधी पत्र मागे घेतलंस तर कुणालाच काही बोलावं लागणार नाही. सगळं आपोआप मिटेल. एवढं तरी कर.

ओल्वेन


२२ मार्च, शनिवार

नेस्ता,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. रागाने फाडावंसं वाटलं तर शेवटपर्यंत वाचून मग फाड.

काळी चारचा डो तू अकरा वर्षांत गायलेली नाहीस. आपल्यापैकी कुणीच गायलेलं नाही.

तुझा ह्यू गेला त्या वर्षीचा एप्रिल आठव. तालमीत मेंढपाळाचं गाणं घेतलं आणि तुझा वरचा सूर लागला नाही. तू म्हणालीस, सर्दी आहे. पुढच्या गुरुवारीही लागला नाही. तू तोंड धुवायला बाहेर गेलीस आणि वीस मिनिटं आली नाहीस. तेव्हा एम्लिन माझ्याजवळ येऊन म्हणाला, “पुढच्या वेळी पांढरी चार दे. बोलू नकोस कुणाला.” तीन पट्ट्या खाली. मी दिली. तुझा सूर लागला, नेस्ता, आणि तुझा चेहरा असा झाला की आम्हा दोघांनाही परत वर जायचं धाडस झालं नाही. मग बाकीची गाणीही एकेक करून खाली आणली, म्हणजे फरक कळू नये. कागदावर तेच छापलेलं राहिलं, सूर माझ्या बोटांतून येत राहिला. डो कुणी विचारायचा नसतो ना. म्हणून निभावलं. एम्लिन त्याला माया म्हणायचा. मीही म्हणायचे.

आता एक मार्चची सकाळ. आपण दोघी कप मांडत होतो. लोवरी कागद घेऊन आली आणि मला काहीतरी सुराबद्दल विचारणार, तेवढ्यात तू हसत म्हणालीस, “ओल्वेनला नको विचारूस गं. तिला बोटं आहेत, कान नाहीत. आमची आई पण हेच म्हणायची.”

अकरा वर्षं माझ्या कानांनी तुला तरंगत ठेवलं होतं! दर गुरुवारी मी तुझा श्वास ऐकायचे, आज कुठवर जाईल याचा अंदाज घ्यायचे आणि तशी पट्टी दाबायचे. आणि तू त्या मुलीसमोर मला आईच्या तोंडून कमी लेखलंस. माझ्या अंगाची लाही लाही झाली. अजूनही होते. हे मी माफी मागायच्या पत्रात लिहितेय, पण ते खरं आहे, म्हणून राहू दे.

तीन वाजता लोवरी पियानोवर वाकली आणि हळूच म्हणाली, “ओल्वेन, डो द्या ना.”

मी म्हटलं, “तुझ्याकडे शिट्टी आहे ना? छापलाय तोच सूर दे.”

तिने दिला. मी सांगितलं म्हणून दिला. शेवटचं कडवं येईपर्यंत मला थांबवता आलं असतं. बिनवाद्याचं गाणं असलं तरी दोन कडव्यांच्या मध्ये मी पट्टी दाबू शकले असते, मंडळी आली असती खाली. मी हात मांडीवर ठेवून बसले. तुझा आवाज फाटला तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं. एकच क्षण, पण वाटलं. मग तू फूल काढून माझ्यासमोरच ठेवलंस.

त्यानंतर तीन आठवडे मी तुझ्यावर संतापत राहिले. तुझं पत्र खोटं, तुझा अहंकार, तुझी जीभ. त्यात खोटं काही नव्हतं. पण मी ओरडत होते ते माझं स्वतःचं गुपित तोंडातून बाहेर पडू नये म्हणून.

गुरुवारी कमिटीसमोर सगळी मंडळी बसली होती. डिलिसने तुझं पत्र वाचलं. लोवरीला विचारलं, काही सांगायचंय का? ती उभी राहिली आणि म्हणाली, “मी छापलेला सूर दिला. तो चुकीचा कसा ते मला अजून कळलं नाही. पण नेस्तांना त्रास झाला, म्हणून मी जाते.” ‘ओल्वेनने सांगितलं होतं’ असं ती म्हणाली नाही, नेस्ता. तिला आठवत नव्हतं असं नाही. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नाव घेतलं नाही.

मी उभी राहिले. पट्टीचं सांगितलं, अकरा वर्षांचं सांगितलं, आणि त्या दुपारी मी काय बोलले तेही सांगितलं. कुणासाठी पट्टी उतरवली ते सांगितलं नाही. पण लोक खुळे नाहीत. सगळ्यांनी तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

मग जो गदारोळ झाला! मला वाटलं होतं, लोक लोवरीची बाजू घेतील. ते माझ्यावर तुटून पडले. डिलिस ओरडली, “म्हणजे सत्तरीतही माझा आवाज तरुणपणीसारखाच आहे असं मी नातवंडांना सांगत फिरते, ते काय?” जाड्या आवाजाचा बॉब म्हणाला, “म्हणूनच मला खालचे सूर सापडत नव्हते! मी तर सिगरेट सोडली त्यापायी!” इफान हसत सुटला, त्याला बाहेर काढावं लागलं.

कमिटीने लोवरीला ठेवायचं ठरवलं. मला पियानोवरून उठवलं नाही, कारण दुसरं कुणी वाजवणारं नाही, हेच तोंडावर सांगितलं. पण तुझी लेखी तक्रार फाइलमध्ये आहे आणि एकतीस तारखेला ती फाइल जिल्ह्याला जाते. तक्रार आहे तोवर दुसऱ्या वर्षाची सही होणार नाही. ती तूच मागे घेऊ शकतेस.

बाहेर लोवरी सायकलचं कुलूप काढत होती. मी म्हटलं, “मला माफ कर, पोरी. मी खोटं वागले.”

ती म्हणाली, “खोटं वागलात त्याचं एवढं नाही. मी त्या डॉक्टरकडे काचेच्या खोलीत बसले होते, ओल्वेन. आवाज आला की बटण दाबायचं. आणि मी मनात म्हणत होते, काहीतरी बिघडलेलं निघू दे. बहिरी निघाले तरी चालेल, निदान कारण तरी कळेल. हे तुम्ही मला मागायला लावलंत.”

मग म्हणाली, “नेस्तांना तुम्ही स्वतः सांगा. कुठूनतरी कळायच्या आत.”

म्हणून हे लिहिलं. माझ्यासाठी काही करू नकोस. माझ्याशी पुन्हा कधी बोलली नाहीस तरी मला तक्रारीला जागा नाही. पण त्या मुलीवरचा आळ उतरव. तुझ्या आवाजाबद्दल तिने तुला फसवलं नाही. ते आम्ही केलं.

ओल्वेन


लँडिडनो
२६ मार्च, बुधवार

लोवरी,

ओल्वेनचं पत्र आलं. तिला उत्तर देणार नाही. तिला कळायचं ते डिलिसकडून कळेलच.

कमिटीला आज सकाळी पत्र टाकलं. माझी तक्रार खोटी होती असं लिहिलंय. गॅरेथ म्हणत होता, ‘गैरसमजातून झाली’ असं लिही, बरं दिसतं. मी ‘खोटी’च लिहिलं. हेतू तुझ्या मनात मी घातला, तो तिथे नव्हता. जिल्ह्यालाही प्रत पाठवली, म्हणजे डिलिसच्या पर्समध्ये पडून राहायला नको.

अकरा वर्षं! मी दर एक मार्चला मान झुकवून टाळ्या घेत होते, आणि ती दोघं माझ्याकडे कसल्या नजरेने बघत असतील ते आठवून रोज नव्याने संताप येतो. नवरा गेला होता माझा, कान नव्हते गेले. एकदा तोंडावर सांगितलं असतं, ‘नेस्ता, सूर गेला,’ तर मी चार दिवस रडले असते आणि मग दुसरं काही गायला शिकले असते. तेव्हा मी सहासष्ट वर्षांची होते. शिकायला भरपूर वेळ होता. तो त्यांनी मला न विचारता घालवला आणि त्याला माया म्हणाले. मी टिंगलीचा आळ तुझ्यावर घेतला. टिंगल तर अकरा वर्षं चालली होती, तुझ्या शिट्टीने ती थांबली.

आणि तू कानाच्या डॉक्टरकडे गेलीस ते वाचून मी दोन दिवस जेवले नाही. तुझे कान मी घडवलेत, मुली. लाकडी काठीने. त्यांच्यावर शंका घ्यायची तुला काही गरज नव्हती, आणि ती माझ्यामुळे घ्यावी लागली. माफ कर असं म्हणायची मला सवय नाही. म्हणतेय.

तीन एप्रिलच्या गुरुवारी मी येते. सगळ्यांसमोर नको, अर्धा तास आधी. तू खरा सूर दे, मी कुठवर जाते ते ऐक आणि मला कुठे बसवायचं ते तू ठरव. आल्टोत, खालच्या सुरांच्या बायकांत, म्हणालीस तर तिथे बसेन. बायका बघतील, बघू देत. पण मला बरं वाटावं म्हणून एकही पट्टी खाली उतरलीस तर मी पुन्हा तक्रार करेन, आणि या वेळी ती खरी असेल.

पियानोकडे पाठ होईल अशी खुर्ची मात्र दे.

नेस्ता